गळकी गाडी ठेवायची की हप्त्यावर नवीन घ्यायची? आधी एस्टिमेटचे तुकडे करा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे अशाच पेचात असलेल्या बाकीच्यांनाही पुढचं समजेल. घरची गाडी १३ वर्षांची, पेट्रोल, मॅन्युअल गिअर, १,४०,००० किमी झालेली. गाडी उभी असते तिथे खाली वर्षभर तेलाचे डाग पडतायत, मधूनच जळकट वास येतो, आणि महिना दीड महिन्यात डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं) ऑइल खालच्या खुणेला टेकतं. गॅरेजवाल्यांनी गळतीची सगळी कामं आणि सगळी ऑइलं बदलणं धरून जे एस्टिमेट दिलंय ते तुम्ही बघून ठेवलेल्या नवीन गाडीच्या साधारण ५ हप्त्यांएवढं होतंय. मिस्टरांचं म्हणणं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला, ही विकून जे येतील (तेही साधारण १० हप्त्यांएवढे) ते डाऊन पेमेंटला टाकू आणि ५ वर्षांच्या कर्जावर नवीन घेऊ. तुमचा भाऊ म्हणतो अर्धी कामं मी घरीच करतो. आणि दुरुस्ती करायचीच ठरली तर मुदत ठेव मोडू का, हा तुमचा शेवटचा प्रश्न.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी ठेवा, पण ते एस्टिमेट जसंच्या तसं करू नका. आत्ता त्यातलं साधारण दीड हप्त्याचं काम करायचंय, एक हप्त्याचं काम चक्क खोडायचंय, आणि उरलेलं अडीच हप्त्यांचं काम खरंच लागणार आहे का हे आधी डोळ्याने बघायचंय. हे सगळं त्याआधीच्या चार तपासण्यांमध्ये गाडी पास झाली तर, त्या पुढे सांगतोच.

आता मिस्टरांचा मुद्दा घेऊ, कारण तो चुकीचा आहे असं नाही, बहुतेक लोक असाच विचार करतात की गाडीची किंमत एवढी आणि खर्च तिच्या निम्मा, म्हणजे परवडत नाही. पण गाडीची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांचा एकमेकांशी तसा संबंध नसतो हो. गाडी तुम्ही विकायला ठेवलेली नाहीये, ती तुम्हाला मुलांना शाळेत सोडायला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला पाहिजे. म्हणजे प्रश्न असा विचारायचा की पुढची दोन वर्षं घरच्यांची ने-आण करायला कुठल्या मार्गाने किती पैसे जातील. दुरुस्तीच्या खर्चाची तुलना नवीन गाडीच्या दोन वर्षांच्या खर्चाशी करायची, जुन्या गाडीच्या किमतीशी नाही.

तो हिशोब करू. सगळं हप्त्यांतच मोजतो कारण तुमच्या डोक्यात तोच आकडा बसलाय. समजा कर्ज १०० भाग, डाऊन पेमेंट २० भाग, म्हणजे गाडी १२० भागांची. व्याज वर्षाला ९ टक्के धरलं आणि मुदत ५ वर्षं, तर महिन्याचा हप्ता साधारण २.०८ भाग येतो आणि ५ वर्षांत मिळून १२४ ते १२५ भाग परत करावे लागतात. इथे लोक म्हणतात की हप्ता म्हणजे खर्च नव्हे, शेवटी गाडी आपल्या नावावर राहते ना, आणि हे बरोबर आहे, म्हणून मी हप्ते मोजतच नाही, फक्त जे पैसे कायमचे जातात तेवढेच मोजतो. पहिल्या दोन वर्षांत तुम्ही साधारण ५० भाग भरता त्यातले १५ भाग नुसत्या व्याजात जातात. वर नवीन गाडीची किंमत सुरवातीलाच सगळ्यात वेगाने उतरते, दोन वर्षांत ३० टक्के उतरली असं धरलं तर ३६ भाग तिथे गेले. दोन्ही मिळून ५१ भाग, म्हणजे साडेचोवीस हप्ते. बघा, दोन वर्षांत हप्ते भरले २४ आणि कायमचे गेले तेही जवळपास तेवढेच. यात नवीन गाडीचा जास्तीचा विमा मी धरलेलाच नाही. किंमत ३० ऐवजी २५ टक्केच उतरली म्हणालात तरी आकडा साधारण पावणेबावीस हप्त्यांच्या खाली येत नाही.

दुसऱ्या बाजूला जुनी गाडी. एस्टिमेट पूर्ण ५ हप्त्यांचं धरू, दोन वर्षांची नेहमीची सर्व्हिसिंग आणि छोटीमोठी कामं मिळून आणखी ४ धरू, आणि गाडीची किंमत १० वरून ७ हप्त्यांवर आली असं धरू म्हणजे ते ३ गेले. झाले १२. समजा मधेच काहीतरी मोठं निघालं आणि अजून ५ हप्ते गेले तरी १७. म्हणजे वाईटात वाईट धरूनही नवीन गाडीपेक्षा ५ ते ७ हप्ते कमी, आणि सगळं सरळ गेलं तर निम्म्यात काम.

फक्त हा सगळा हिशोब एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे पैसे घातल्यावर गाडी खरोखर दोन वर्षं चालली पाहिजे. म्हणून एकही पॅकिंग (दोन भागांच्या जोडातून तेल झिरपू नये म्हणून मधे घालतात ते) बदलायच्या आधी चार गोष्टी तपासून घ्या, आणि शक्यतो ज्यांनी एस्टिमेट दिलंय त्यांच्याकडून नको, दुसऱ्या मेकॅनिककडून. पहिलं, कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं, सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत, एखादा बराच खाली असेल तर इंजिन आतून झिजलंय आणि बाहेरून सील बदलून काही उपयोग नाही. दुसरं, ऑइलमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) मिसळतंय का. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, कॉफीवरच्या फेसासारखं पांढरट दिसलं तर जपून, पण एवढ्यावरून घाबरू नका, गाडी रोज दोन-तीन किमीच चालत असेल तर नुसत्या वाफेनेही झाकणाखाली तसं जमतं, त्यामुळे डिपस्टिकवरचं ऑइलही बघायचं आणि कूलंट मुकाट्याने कमी होतंय का तेही. डिपस्टिकही पांढरट आणि कूलंटही कमी होतंय म्हणजे बहुतेक हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, आणि ते तुमच्या एस्टिमेटमधल्या कुठल्याही कामापेक्षा मोठं दुखणं आहे. तिसरं, गाडी वर घेऊन खालचा पत्रा, जिथे सस्पेन्शन जोडलेलं असतं त्या जागा गंजून पोकळ झाल्यात का. चौथं, गिअरबॉक्स, सगळे गिअर आवाज न करता पडतात का आणि चढावर क्लच घसरतो का. क्लच घसरत असेल तर उलट आपल्या हिशोबाला मदतच होईल, कशी ते सांगतो. बाकी पहिल्या तीनपैकी एकातही गाडी नापास झाली तर माझं मत बदललं असं समजा, दुरुस्ती करू नका, आहे तशी विका.

समजा पास झाली. आता एस्टिमेट. तुम्ही पाठवलेल्या कागदावर पाच ओळी आहेत: सगळी ऑइलं आणि कूलंट वगैरे बदलणं १ हप्ता, टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणाचं) पॅकिंग अर्धा, खालच्या चेंबरचं (ऑइल साठतं त्या तळाच्या भागाचं) पॅकिंग अर्धा, क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील गिअरबॉक्स उतरवून २, आणि इंजिन फ्लश (आतला गाळ धुवायचं द्रव), इंजेक्टर क्लीनिंग, ऑइलमध्ये घालायचं औषध वगैरे मिळून १.

शेवटची ओळ खोडा. इंजिन व्यवस्थित चालतंय, मिसिंग (मधेच अडखळणं) नाही असं तुम्हीच लिहिलंय, मग इंजेक्टर कशासाठी साफ करायचे. आणि इतक्या किमीच्या, आधीच गळणाऱ्या इंजिनात फ्लश घालून आतला जुना गाळ सैल करायची मला तरी काही गरज दिसत नाही, वेळच्या वेळी ऑइल आणि फिल्टर बदलला की पुरे. गळती थांबवणाऱ्या औषधाच्या बाटलीबद्दल लोक फार विचारतात. ती कडक झालेलं रबर थोडं मऊ करते, फुगवते, त्यामुळे काही दिवस पाझर कमी होतो हे खरं आहे, पण फाटलेलं पॅकिंग त्याने जुळत नाही. विकायच्या आधी महिनाभर गाडी कोरडी दिसावी म्हणून लोक ती घालतात, आणि हे मला अजिबात पटत नाही, पुढच्या माणसाची ती सरळ फसवणूक आहे.

आता गळती. इथे थोडा वेळ घालवू कारण पैसे इथेच वाचतात. गळतीचा खर्च म्हणजे वाया गेलेलं ऑइल असं आपल्याला वाटतं, आणि नुसतं तेवढंच बघितलं तर महिन्याला अर्धा पाऊण लिटर टॉपअप करणं कुठल्याही दुरुस्तीपेक्षा स्वस्तच पडेल, मग दुरुस्ती करायचीच कशाला. पण खरा खर्च आहे तो ते तेल कशावर पडतंय त्याचा. टॅपेट कव्हरमधून झिरपलेलं तेल एक्झॉस्टच्या गरम पाइपवर पडतं, तुम्हाला येणारा जळका वास बहुतेक तोच असणार, आणि यात आगीचा धोका असतो म्हणून हे काम मी एक दिवसही मागे ठेवणार नाही. तेच तेल आत स्पार्क प्लगच्या खोबणीत साचलं तर मिसिंग सुरू होतं आणि इग्निशन कॉइल जाते. टायमिंग बेल्टच्या बाजूच्या सीलमधून गळत असेल तर तेल बेल्टवर उडतं, बेल्टचं रबर त्याने लवकर खराब होतं, आणि बऱ्याच इंजिनांत तो बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, म्हणजे एका छोट्या सीलपायी हेड खोलायची वेळ. इंजिनाखालच्या रबरी माउंटिंगवर आणि होजवर तेल सतत पडत राहिलं तर तेही फुगून मऊ पडतात. याउलट चेंबरच्या पॅकिंगमधून बाहेर पडणारं तेल सहसा सरळ खाली जमिनीवर पडतं, डाग दिसतो, आपल्याला वाईट वाटतं, पण त्याने फारसं काही खराब होत नाही. म्हणजे बघा, डाग दिसतो त्याची आपण काळजी करतो आणि जी गळती इंजिनावरच जळून जाते, खाली थेंबही पडत नाही, ती जास्त महागात जाते.

म्हणून कुठून गळतंय हे नक्की झाल्याशिवाय मोठं काम हातात घ्यायचं नाही. वर्षभर गळलेलं तेल, त्यावर बसलेली धूळ, सगळं इंजिन काळं चिकट झालेलं असतं आणि अशा इंजिनाकडे बघून मागचं सील गेलंय असं सांगणं हा नुसता अंदाज आहे. आधी इंजिन डिग्रीझरने साफ करून घ्या (इलेक्ट्रिकचे कनेक्टर आणि हवेचा इनटेक झाकून), मग दोन-तीनशे किमी गाडी चालवा, आणि टॉर्च घेऊन बघा की ओलं कुठे झालंय. तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीच्या हवेने मागे सरकतं, त्यामुळे खालच्या थेंबावर जायचं नाही, सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची, मूळ तिथेच असतं. नाहीच सापडलं तर ऑइलमध्ये यूव्ही डाय घालून यूव्ही टॉर्चने बघतात, गळतीची रेघ चकाकते आणि मग वादच राहत नाही, आणि हा काही मोठा खर्च नाही.

तुमच्या बाबतीत हे इतकं महत्त्वाचं का, तर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून गळलेलं तेल इंजिनाच्या मागच्या बाजूने ओघळत जाऊन अगदी गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या जोडापाशी थेंब धरतं. मागचं सील गेल्यावर थेंब तिथेच दिसतो. एकीकडे अर्ध्या हप्त्याचं काम आणि दुसरीकडे दोन हप्त्यांचं, आणि खालून दोन्ही सारखीच दिसतात. मी तर म्हणेन टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदला, पुन्हा सगळं पुसून कोरडं करा, आणि महिनाभर थांबा. बऱ्याचदा 'मागचं सील' आपोआप बरं होतं, कारण ते गेलेलंच नसतं. ऑइल प्रेशरचा सेन्सर आणि ऑइल फिल्टरची बैठक याही जागा बघायला सांगा, दोन्ही ठिकाणचं काम किरकोळ असतं.

आणखी एक गोष्ट जी एस्टिमेटमध्ये नाही पण असायला हवी होती, पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनाच्या पोटात जो गॅस साचतो तो या छोट्या व्हॉल्व्हमधून परत इनटेकला जातो. तो कार्बनने चोक झाला की आतला दाब वाढतो आणि तेल जिथे वाट मिळेल तिथून बाहेर ढकललं जातं. अशा वेळी तुम्ही सगळी पॅकिंगं नवी घातलीत तरी सहा महिन्यांत पुन्हा पाझर सुरू, आणि तेव्हा गॅरेजवाला म्हणणार गाडीच जुनी झालीय. बहुतेक गाड्यांत हा भाग स्वस्त असतो आणि बदलायला थोडाच वेळ लागतो, काही गाड्यांत तो टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो. गळतीचं कुठलंही पॅकिंग उघडायच्या आधी तो बघायला सांगा.

मागचं सील खरंच गेलेलं निघालं तर? तर त्यातले जवळपास सगळे पैसे गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीचे आहेत, सील स्वतः फार महाग नसतं. आणि क्लच प्लेट बदलायलाही गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. म्हणून थेंब थेंब गळती असेल, रात्रभरात गाडीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर दोन-चार ठिपके, तर क्लचची वेळ येईपर्यंत थांबा आणि दोन्ही एकदम करा, एका मजुरीत. चढावर क्लच घसरतोय असं निघालं तर ते मदतीचं ठरेल म्हणालो ते यासाठीच. पण सीलमधलं तेल क्लच प्लेटवर जाऊन क्लच घसरायला लागला, किंवा पातळी आठवड्यातच खाली जायला लागली, तर थांबायचं नाही.

आता ऑइलं आणि बाकीची द्रव्यं. हा एक हप्ता मी अजिबात कमी करणार नाही, उलट पैशाची ओढाताण असेल तर चेंबरचं पॅकिंग मागे ठेवा पण हे करा. लोक गळतीच्या डागामागे लागतात आणि ब्रेक ऑइल ७-८ वर्षं तसंच राहतं, कारण ते गळत नाही, दिसत नाही. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं. त्याचे डॉट ३, डॉट ४ असे प्रकार असतात. डॉट ४ चं नवं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही मर्यादा १५५ वर येते, डॉट ३ ची तर २०५ वरून १४० वर. लांब उतारावर ब्रेक सतत दाबावे लागले की ते तापतात, फ्लुइड उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ फ्लोअरला जातं. घरातली माणसं या गाडीत बसतात ताई, त्यामुळे इथे मी पैशाचा हिशोबच करत नाही. साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं, आणि झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये जो डॉट लिहिलाय तोच घालायचा.

कूलंटचंही तसंच, रंग दिसतोय म्हणून चांगलं आहे असं नसतं, त्यातला गंज रोखणारा भाग काही वर्षांत संपतो आणि मग रेडिएटर, वॉटर पंप आतून खायला सुरवात होते. जुन्या पद्धतीचं असेल तर साधारण २ वर्षं, नव्या लाँग लाइफ प्रकारचं असेल तर ५ च्या आसपास. वेगवेगळ्या प्रकारचं मिसळू नका, काही वेळा त्याचा चिकट गाळ होतो, आणि नळाचं पाणी घालू नका, डिस्टिल्ड वॉटर घाला किंवा तयार मिसळलेलंच आणा. गिअर ऑइल बहुतेकांनी गाडी घेतल्यापासून बदललेलंच नसतं. एकदा बदलून टाका, फक्त मॅन्युअलमध्ये जीएल-४ (हा गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-५ जास्त भारी म्हणून ते घालू नका, त्यातली काही रसायनं सिंक्रोनायझरच्या (गिअर आवाज न करता पडायला मदत करणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगांना मानवत नाहीत. इंजिन ऑइलबद्दल फार सांगत नाही, मॅन्युअलमधला ग्रेड आणि मॅन्युअलमधलीच मुदत. फक्त टॉपअप करतोय म्हणजे ऑइल बदललं असं धरू नका, आत जुनं काळं ऑइल तसंच असतं. आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर घर दोनच किमीवर असलं तरी गाडी तिथेच बंद करायची, टोइंगचा खर्च इंजिनपुढे काहीच नाही.

भावाच्या मदतीबद्दल. घ्या, नक्की घ्या, पण कामं वाटून घ्या. इंजिन ऑइल आणि फिल्टर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि कूलंट ही कामं हाताने काम करायची सवय असलेला माणूस घरी करू शकतो, आणि यात मजुरी बऱ्यापैकी वाचते, माझ्या अंदाजाने दीड हप्त्याचं काम एकाच्या आसपास यावं. टॅपेट कव्हरचे बोल्ट छोटे असतात आणि हेड ॲल्युमिनियमचं, तेव्हा घट्ट म्हणजे चांगलं असं समजून आवळले तर पॅकिंग चिरडतं नाहीतर आटे जातात, आणि आटे गेले की स्वस्तातलं काम महागात. टॉर्क पाना (किती जोराने आवळतोय ते मोजणारा) वापरायचा, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला थोडं थोडं आवळत जायचं, जुन्या पॅकिंगचे तुकडे आणि तेल पूर्ण पुसून काढायचं. ऑइल फिल्टर काढताना जुनं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना हे बोटाने चाचपून बघायचं, त्यावर नवीन फिल्टर बसवला तर सगळं ऑइल रस्त्यावर. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा, चेंबर गळतंय असं वाटतं तिथे कधीकधी नुसता तो वॉशरच जुना असतो. गिअर ऑइल करणार असेल तर आधी भरायचा बोल्ट उघडून बघायचा आणि मगच काढायचा, कारण वरचा बोल्ट जाम असेल आणि खालून ऑइल सोडून दिलं असेल तर गाडी जागेवरच बसली. कूलंट इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, आणि सांडलेलं लगेच धुवायचं, त्याची चव गोडसर असते आणि ते विषारी आहे, घरात लहान मुलं आणि कुत्री-मांजरं असतात. काढलेलं ऑइल डब्यात भरून गॅरेजला किंवा जमा करतात तिथे द्या, गटारात नको. आणि एक गोष्ट माझ्याकडून हात जोडून सांगा त्याला, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय नाहीच. ब्रेकचं काम आणि गिअरबॉक्स उतरवणं गॅरेजमध्येच.

मुदत ठेव मोडू नका. दीड हप्त्यासाठी मोडायची गरजच नाही. घाईची दोन कामं म्हणजे टॅपेट कव्हर आणि ब्रेक ऑइल, ती याच महिन्यात, इंजिन ऑइलची वेळ झाली असेल तर तेही बरोबरच. कूलंट आणि गिअर ऑइल पुढच्या महिन्यात. तेवढं तुमच्या महिन्याच्या शिलकीत बसतंय असं तुमच्याच आकड्यांवरून दिसतंय. यासाठी क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवू नका, पर्सनल लोन तर नाहीच.

त्याऐवजी एक करा, नवीन गाडीचा हप्ता भरायची तुमच्या मनाची तयारी झालीच होती ना, मग त्यातला अर्धा हप्ता दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. दोन वर्षांत १२ हप्ते जमतील. त्यातून सर्व्हिसिंगचे ४ गेले, मागचं सील आणि चेंबर लागलंच तर अडीच गेले, तरी साडेपाच उरतात, आणि त्यात गाडीचे तेव्हाचे ७ मिळवले की नवीन गाडीला आजच्यापेक्षा जास्त डाऊन पेमेंट, म्हणजे कर्ज कमी आणि व्याजही कमी. मिस्टरांना हा आकडा दाखवा, त्यांची नवीन गाडी रद्द होत नाहीये, ती दोन वर्षांनी कमी कर्जात येतेय. गाडीत एअरबॅग आणि एबीएस नाहीत आणि तुमचं लांबचं जाणं-येणं खूप आहे असं त्यांचं म्हणणं असेल तर तो मुद्दा मात्र मी पैशाने तोलणार नाही, त्यासाठी लवकर बदलायचं ठरलं तर माझी हरकत नाही, मग दोन वर्षांऐवजी एक वर्ष धरा आणि महिन्याला पाऊण हप्ता बाजूला टाका.

कुठे थांबायचं तेही आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर एवढे घातलेत तर अजून थोडे असं करत माणूस घालतच जातो. नवीन गाडी वर्षाला साधारण १२ हप्ते खाते असं आपण वर काढलं, जुनीची किंमत वर्षाला दीड हप्त्याने तशीही उतरते, म्हणजे दुरुस्तीला जास्तीत जास्त साडेदहा. मी त्यात वाव ठेवून ८ धरेन. कुठल्याही १२ महिन्यांत टायर, इंधन, विमा सोडून दुरुस्तीचा खर्च ८ हप्त्यांच्या वर चालला, तर त्या दुरुस्तीला हो म्हणायच्या आधी गाडी आहे तशी विकायची. आधी घातलेले पैसे त्या दिवशी मोजायचे नाहीत.

एस्टिमेट घेऊन परत जाल तेव्हा गॅरेजवाल्यांना एवढंच विचारा: मागच्या सीलचं तुम्ही इंजिन साफ करून बघितलं होतं का, पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासला का, आणि प्रत्येक ओळीत सामान किती, मजुरी किती. जो माणूस शांतपणे उत्तर देईल, गाडी वर घेऊन ओली जागा तुम्हाला दाखवेल, त्याच्याकडे काम द्या. जुने काढलेले भाग परत मागून घ्या. दोन-तीनशे किमी चालवल्यावर काय दिसलं आणि कॉम्प्रेशनचे आकडे काय आले ते मला कळवा, त्यावरून उरलेल्या अडीच हप्त्यांचं काय करायचं ते ठरवू.